शब्द राजाचा, डोकं स्ट्रॅफर्डचं

९ मे १६४१, रविवार. लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्याबाहेरचा जमाव हटायला तयार नव्हता आणि आत इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स एका विधेयकावर निर्णय घेऊ शकत नव्हता. थॉमस वेंटवर्थ, स्ट्रॅफर्डचा अर्ल, त्याचा सगळ्यात कर्तबगार मंत्री. त्याला देहदंड देणारं ते विधेयक होतं. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं होतं, राजाची संमती तेवढी उरली होती. याच राजानं २३ एप्रिलला स्ट्रॅफर्डला पत्र लिहून राजा या नात्यानं शब्द दिला होता, की तुझा जीव, तुझी अब्रू आणि तुझी मालमत्ता यांना धक्का लागणार नाही. सोमवारी त्यानं संमती दिली. बुधवारी टॉवर हिलवर स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद झाला.

माझ्या मामांनी आयुष्यभर जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. मामांच्या लेखी हे प्रकरण म्हणजे शब्द मोडल्याची गोष्ट, माझ्या लेखी ती शब्द दिल्याची गोष्ट आहे. आमचं यावर पुष्कळदा बोलणं झालं आहे. त्यातलं एक मोठं बोलणं इथे मांडते. छापायला देण्याआधी मामांना वाचायला दिलं होतं. आपली बाजू कुठे पातळ झालेली नाही, एवढं त्यांनी बघून घेतलं.

मामा : मला आधी खटल्याचं बोलू दे. कारण तुम्ही इतिहासवाले लगेच 'परिस्थिती'कडे धावता आणि आरोपी राहतो बाजूला. २२ मार्च १६४१ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये महाभियोगाची सुनावणी सुरू झाली. आरोप अठ्ठावीस. आरोपी आजारी, पाय गाउटनं सुजलेला, आणि तो एकटा सगळ्या आरोपांना तोंडी उत्तरं देतोय. सगळा खटला शेवटी एका टिपणावर येऊन ठेपला. वर्षभरापूर्वी राजाच्या एका बैठकीत स्ट्रॅफर्ड म्हणाला होता म्हणे, की आयर्लंडमध्ये आपलं सैन्य आहे, या राज्याला वठणीवर आणायला ते वापरता येईल. कुठलं राज्य? बंड स्कॉटलंडचं चालू होतं. तो म्हणाला, मी स्कॉटलंडबद्दल बोललो. फिर्यादी म्हणाले, इंग्लंडबद्दल. टिपण कुणाचं, तर राजाचा सचिव थोरला हेन्री वेन याचं. बैठकीतल्या बाकीच्यांना तसं काही ऐकल्याचं आठवत नव्हतं. राजद्रोहाला दोन साक्षीदार लागतात, हा त्यांचाच जुना कायदा. यांच्याकडे दीड माणूसही नव्हता.

मी : दुसरा साक्षीदार म्हणून त्या टिपणाची नक्कलच पुढे केली होती.

मामा : तेच म्हणतोय! वेनच्या मुलानं बापाच्या कपाटातून ते टिपण काढलं आणि संसदेतला विरोधकांचा पुढारी जॉन पिम याला नक्कल दिली. एकाच माणसाची साक्ष दोनदा मोजायची! स्ट्रॅफर्डनं हे सगळं भर सभेत उधळून लावलं. आणि खटला हातचा जातोय असं दिसल्यावर कॉमन्सनी, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहानं, काय केलं? खटलाच सोडून दिला. अटेंडरचं विधेयक आणलं. म्हणजे पुरावा नको, निकाल नको, हा माणूस दोषी आहे असा कायदाच करून टाकायचा. २१ एप्रिलला २०४ विरुद्ध ५९ मतांनी ते कॉमन्समध्ये पास झालं. फिर्यादी पक्षातला लॉर्ड डिग्बी, ज्यानं स्ट्रॅफर्डवर आरोप ठेवायला मदत केली होती, तोसुद्धा उठून म्हणाला की याला अशा पद्धतीनं मारण्यात माझा हात नको. विरोधात मत दिलेल्यांची नावं शहरात भिंतीवर लागली, देशाचे शत्रू म्हणून. हे तुला ओळखीचं वाटतं की नाही?

मी : वाटतं. आणि या भागात तुमच्याशी माझा वाद नाही. उमराव सभेनं न्यायाधीशांचं मत घेतलं होतं आणि ते स्ट्रॅफर्डच्या विरुद्ध गेलं, एवढं नोंदवून ठेवते. पण ते मत जमाव दाराशी असताना आलं, हेही खरं.

मामा : मग अजून एक ऐक, म्हणजे त्या लोकांचं मन कळेल. त्या कायद्यातच त्यांनी कलम घातलं, की यापुढे कोणत्याही न्यायाधीशानं हा कायदा जणू झालाच नाही असं समजून राजद्रोहाचा अर्थ पूर्वीसारखाच लावावा. म्हणजे हा नियम फक्त या एका माणसापुरता. कायदा करणाऱ्यांनाच त्याची लाज वाटत होती. माझ्या सगळ्या वकिलीत मी याहून बोलकं कलम वाचलेलं नाही. अशा कागदावर सही करायला राजानं नकार द्यायला हवा होता. त्याच्याकडे नकाराधिकार होता, आणि शब्दही दिलेला होता. संपलं.

मी : मामा, तुम्ही एप्रिलपासून सुरू करताय. मला १६२६ पासून सुरू करू द्या.

मामा : बकिंगहॅम.

मी : हो, बकिंगहॅमच. चार्ल्सचा पहिला लाडका मंत्री. संसदेनं त्याच्यावर महाभियोग आणला. चार्ल्सनं काय केलं? संसदच विसर्जित केली. चौकशी नको, उत्तर नको, प्रश्न विचारणारेच घरी पाठवले. दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १६२८ ला, पोर्ट्समथमध्ये जॉन फेल्टन नावाच्या एका माजी सैनिक अधिकाऱ्यानं बकिंगहॅमला भोसकून मारलं, आणि लंडनमध्ये लोक फेल्टनच्या नावानं पेले उंचावत होते. राजानं मंत्र्याला संसदेपासून वाचवलं ते असं. ज्याला पदावरून काढायची वाट उरत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी सुरी शोधतो.

मामा : तू खुनाचं समर्थन करतेयस.

मी : नाही, मुळीच नाही. राजानं दिलेल्या आधाराचा परिणाम सांगतेय. आणि बघा, त्या वेळी संसदेत राजाला विरोध करणाऱ्यांत हाच वेंटवर्थ होता. जबरीच्या कर्जाला पैसे देणार नाही म्हणून १६२७ मध्ये तो कैदेत गेला. पुढच्या वर्षी हक्कांच्या अर्जाच्या वेळी तो आघाडीवर होता. म्हणजे राजाला जाब विचारायची वाट बंद झाली की काय होतं, हे त्याला आतून माहीत होतं. मग १६२८ च्याच उत्तरार्धात तो उमराव झाला, उत्तरेच्या मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि पुढे आयर्लंडचा कारभार त्याच्याकडे आला. त्यानंतर अकरा वर्षं, १६२९ ते १६४०, संसदच भरली नाही.

मामा : आणि त्या काळात आयर्लंडमध्ये त्यानं समुद्री चाच्यांचा बंदोबस्त केला, महसूल वाढवला, लिननच्या कापडाचा धंदा उभा केला. कर्तबगारी नाकारू नकोस.

मी : नाकारत नाही. पण माउंटनॉरिसचं प्रकरण घ्या. आयर्लंडचा खजिनदार लॉर्ड माउंटनॉरिस. वेंटवर्थच्या गाउटच्या पायावर एका सेवकाच्या हातून स्टूल पडलं. तो सेवक माउंटनॉरिसचाच नातलग. जेवणाच्या टेबलावर माउंटनॉरिसनं त्यावर काहीतरी खोचक शेरा मारला. एवढ्यावर, तो सैन्यातही अधिकारी आहे असं कारण काढून, १६३५ मध्ये त्याला लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि मृत्युदंड ठोठावला. शिक्षा अमलात आणली नाही, आणायचीही नव्हती. तुरुंग झाला, पद गेलं. आता सांगा, जेवणाच्या टेबलावरच्या शेऱ्याला मृत्युदंड! हे कुठल्या कायद्यात बसतं? तुमचा स्ट्रॅफर्ड १६४१ मध्ये ज्या कायद्याचा आसरा मागत होता, तो त्यानं स्वतः माउंटनॉरिसला दिला होता का? आणि राजा वरून पाठराखण करत होता. दाद मागायला जागा कुठे होती? लंडनला संसद नाही, डब्लिनची संसद वेंटवर्थच्या मुठीत.

मामा : आरोपीनं दुसऱ्याला न्याय दिला नाही म्हणून त्याला न्याय द्यायचा नाही, असं नसतं. तसं असतं तर आम्हा वकिलांना अर्धे अशील सोडून द्यावे लागले असते.

मी : मान्य. मी त्याला मारायला हवं होतं असं म्हणतच नाहीये. माझं म्हणणं त्याच्याबद्दल कमी आणि राजाबद्दल जास्त आहे. राजाचा आधार इतका पूर्ण होता, इतका खासगी होता, की स्ट्रॅफर्डला मंत्रिपदावरून दूर करण्याचा एकही साधा मार्ग देशात राहिला नाही. म्हणून शेवटी जो मार्ग उरला तो टॉवर हिलवर जाणारा होता.

इथे मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी नोव्हेंबर १६४० चा विषय काढला, आणि तो माझ्यापेक्षा त्यांच्या बाजूचा पुरावा आहे असं त्यांना वाटत होतं.

मामा : तू म्हणतेस राजाचा आधार खासगी होता. मग हे बघ. न्यूबर्नला ऑगस्टमध्ये इंग्रजांचा पराभव झाला. स्कॉट सैन्य नॉर्दम्बरलंड आणि डरहॅममध्ये बसलं होतं आणि रिपनच्या तहानं त्याला दिवसाला ८५० पौंड खर्च द्यायचा होता. पैसे कुठून आणणार? संसदेशिवाय मिळणार नाहीत. म्हणजे या वेळी संसद विसर्जित करून मंत्र्याला वाचवणं शक्यच नव्हतं. तरी राजानं स्ट्रॅफर्डला यॉर्कहून बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. हा खासगी आधार नव्हे. राज्य चालवायला तो माणूस हवा होता.

मी : तोच तर घात झाला! हातात संसद विसर्जनाचं हत्यार नाही, स्कॉट सैन्याचे पैसे थकताहेत, लंडन खवळलेलं आहे, आणि राजा अभय देतोय. कुठल्या बळावर? त्याच्याजवळ नसलेली गोष्ट त्यानं देऊ केली. स्ट्रॅफर्डच्या मित्रांनी त्याला यॉर्कमध्ये सैन्याजवळ राहा, नाहीतर आयर्लंडला जा असं सुचवलं होतं. तो लंडनला आला तो राजाच्या शब्दावर.

मामा : एवढंच नाही. तो डावही घेऊन आला होता. पिम आणि मंडळी स्कॉटांशी संधान बांधून आहेत, त्यांच्यावरच राजद्रोहाचा आरोप ठेवायचा, हा त्याचा बेत होता. पिमनं आधी वार केला. ११ नोव्हेंबर. बेलीनं जे लिहून ठेवलंय ते तू वाचलं असशीलच.

वाचलं आहे, आणि ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. रॉबर्ट बेली हा स्कॉट धर्मोपदेशक त्याच महिन्यात लंडनला आला होता. स्ट्रॅफर्ड नेहमीच्या तोऱ्यात उमराव सभेत शिरला आणि आपल्या जागेकडे निघाला. तेवढ्यात, बाहेर जा, म्हणून सभागृहातून ओरड झाली. तो दाराबाहेर थांबला. परत बोलावलं तेव्हा गुडघे टेकून ऐकायला लावलं की कॉमन्सनी तुझ्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला आहे, आणि तिथूनच त्याला ताब्यात घेतलं. आपली घोडागाडी शोधत तो गर्दीतून चालला होता. त्याच सकाळी ज्याच्यापुढे इंग्लंडातले थोरामोठे टोपी काढून उभे राहिले असते, त्याच्यासाठी आता एकही टोपी हलली नाही, असं बेली सांगतो. तो स्ट्रॅफर्डचा शत्रू होता, तरी हे लिहिताना त्याचा हात जड झालेला जाणवतो.

मी : त्या दिवसापासून राजाच्या प्रत्येक मदतीनं स्ट्रॅफर्डची मान फासात अधिकच अडकत गेली. खटल्याच्या वेळी सिंहासन रिकामं ठेवलं होतं, कारण कायद्यानं राजा तिथे हजर नव्हता. तो राणीसह जाळीआडच्या कक्षात बसला होता. बेली सांगतो, त्यानं ती जाळी स्वतःच्या हातांनी तोडली आणि सगळ्यांच्या देखत बसून राहिला. आजूबाजूला लोक खात होते, बाटल्या एकमेकांकडे जात होत्या. राजा रोज येऊन बसतोय, हे बघून उमरावांच्या मनात काय आलं असेल? हा सोडणार नाही, हेच.

मामा : अगं, माणूस मित्राच्या खटल्याला बसला, याचंही वाईट वाटून घ्यायचं?

मी : मित्राच्या खटल्याला बसणं चांगलंच. पण राजा हा मित्र नसतो, निदान तेवढाच नसतो. १ मे घ्या. विधेयक उमरावांपुढे आहे. त्यांच्यातले बरेच जण डळमळताहेत. बेडफर्डचा अर्ल समेट घडवू बघतोय: पिमला राजाचं मंत्रिपद द्यायचं, स्ट्रॅफर्डचा जीव वाचवायचा. अशा वेळी चार्ल्स स्वतः उमराव सभेत आला आणि म्हणाला, माझी सदसद्विवेकबुद्धी याला राजद्रोही ठरवू देणार नाही. पण हा साध्या पोलीस शिपायाच्या कामालाही लायक नाही, असं मी मान्य करायला तयार आहे.

मामा : ते भाषण वाईट होतं, खरं.

मी : वाईट म्हणजे दोन्हीकडून वाईट! सभागृहात चर्चा चालू असताना राजानं आपला कौल सांगणं म्हणजे संसदेच्या अधिकारात हात घालणं, म्हणून विरोधक चवताळले. आणि ज्याला वाचवायचं त्याचीच सगळ्यांसमोर अब्रू काढली, म्हणून बाजूचे लोक ओशाळले. आठ दिवसांपूर्वीच लिहून दिलं होतं की तुझ्या अब्रूलाही धक्का लागणार नाही! आणि दोन दिवसांनी, ३ मेला, सैन्याचा कट उघडकीला आला. शंभर माणसं टॉवरच्या तुरुंगात घुसवून स्ट्रॅफर्डला सोडवायचं. टॉवरचा अधिकारी बाल्फर यानं त्यांना आत घेतलं नाही. तो राजाचाच नोकर, तरी नाही घेतलं.

मामा : बाल्फरला स्ट्रॅफर्डनं पैशाची लालूच दाखवली होती म्हणतात.

मी : तेही त्यानं नाकारलं. म्हणजे बघा, एकीकडे राजा कायद्याच्या भाषेत बोलतोय, सदसद्विवेकाची शपथ घेतोय आणि त्याच वेळी मागच्या दारानं शिपाई पाठवतोय. जो उमराव अजून विचारात होता, त्याचा निर्णय या बातमीनं झाला. कितीतरी जण मतदानाला आलेच नाहीत. एसेक्सच्या अर्लला कुणीतरी सुचवलं होतं, की दंड करा, कैदेत टाका, जीव कशाला घेता? त्याचं म्हणणं असं होतं, की याला मारलं नाही तर राजा उद्या माफी देईल, दंड परत करील आणि पुन्हा जवळ घेईल. मेलेला माणूसच परत येत नाही. मामा, सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात क्रूर विचार आहे. पण तो चुकीचा होता का? चार्ल्सनं तसं केलं नसतं, असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?

मामांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. नंतर म्हणाले, "नाही सांगणार." आणि मग, जरा आवाज चढवून, त्यांच्या मनात खरोखर सलणाऱ्या गोष्टीवर आले.

मामा : पण तू ४ मेच्या पत्राचं काहीच बोलली नाहीस. स्ट्रॅफर्डनं टॉवरमधून राजाला लिहिलं, की विधेयकाला संमती द्या, मी तुम्हाला तुमच्या शब्दातून मोकळं करतो, राज्यात शांतता नांदावी म्हणून मी स्वखुशीनं जीव देतो. असं पत्र लिहिणाऱ्या माणसाला राजा काय देणं लागतो? ते पत्र आल्यावर तर सही करणं अधिकच अशक्य व्हायला हवं. चार्ल्सनं उलट केलं. बिशपांना बोलावलं. बिशप विल्यम्सनं सांगितलं की राजाला दोन सदसद्विवेक असतात, एक माणूस म्हणून, एक राजा म्हणून. पहिला नाही म्हणाला तरी दुसऱ्यानं सही करावी. लंडनचा बिशप जक्सन म्हणाला, तुमचं मन मानत नसेल तर करू नका. त्या खोलीत एकच माणूस सरळ बोलला आणि राजानं त्याचंच ऐकलं नाही.

मी : बाहेर जमाव होता, राणी कॅथलिक, मुलंबाळं आत. भीती खोटी नव्हती.

मामा : भीती खरी होती, म्हणूनच सांगतोय! भीती नसताना कुणीही शब्द पाळतो. आणि मग ११ मेचं ते पत्र. राजानं दहा वर्षांच्या युवराजाच्या हातून उमरावांना पाठवलं: जन्मठेप दिलीत तर बरं. आणि खाली जोडलं, मरायचंच असेल तर निदान शनिवारपर्यंत थांबा. आदल्या दिवशी सही करून मोकळा झालेला राजा पोराला पाठवून तीन दिवस मागतोय! ते वाचून मला दर वेळी चीड येते. स्ट्रॅफर्डला राजानं सही केल्याचं सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. त्यानं पुन्हा विचारलं. आणि मग राजेमहाराजांवर भरवसा ठेवू नये, या अर्थाचं स्तोत्रातलं वचन उच्चारलं म्हणतात. पत्र त्यानं लिहिलं होतं, पण राजा ते मान्य करील असं त्याला वाटलं नव्हतं.

मी : या बाबतीत तुमचं बरोबर आहे. मला वाटतं, ते पत्र राजाला सोडवण्यासाठीही होतं आणि राजाला जखडण्यासाठीही.

मामा : चार्ल्सला स्वतःला कळलं होतं ते. ३० जानेवारी १६४९ ला स्वतःच्या वधस्तंभावर उभं राहून तो म्हणाला, मी एका अन्यायी शिक्षेला होऊ दिलं, म्हणून आज माझ्यावर अन्यायी शिक्षा आली आहे. शेजारी कोण उभा होता? जक्सन. आता बोल.

मी : बोलते. चार्ल्सला सही केल्याचा पश्चात्ताप झाला. संसदेला घरी पाठवून मंत्र्यांना पाठीशी घातल्याचा झाला का? बकिंगहॅमच्या वेळी त्यानं काय केलं, अकरा वर्षं काय केलं, याचा त्यानं उच्चार केल्याचं मला कुठे आढळलं नाही. उलट जानेवारी १६४२ मध्ये तो पाच सभासदांना पकडायला सशस्त्र शिपाई घेऊन कॉमन्समध्ये गेला. स्ट्रॅफर्ड मेल्यावर आठ महिन्यांत! आणि स्ट्रॅफर्डच्या विधेयकाला संमती दिली त्याच दिवशी, १० मेला, त्यानं दुसऱ्याही एका कायद्याला संमती दिली होती, ही गोष्ट लोक विसरतात: ही संसद तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय विसर्जित करता येणार नाही. एका बैठकीत त्यानं मंत्री दिला आणि संसद विसर्जनाचा अधिकारही दिला. पंधरा वर्षं ज्या हत्याराच्या जोरावर तो मंत्री सांभाळत आला, ते आणि मंत्री एकत्रच गेले.

मामा : तुझा मुद्दा लक्षात आला. तू म्हणतेस, मंत्री काढता येत असता तर मारावा लागला नसता.

मी : तेवढंच म्हणायचं आहे. आणि ते पुढे घडलेलंही दिसतं. १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सचा मंत्री डॅन्बी याच्यावर महाभियोग आला. राजानं त्याला माफीपत्र देऊन ठेवलं. कॉमन्स म्हणाले, महाभियोगापुढे राजाची माफी चालणार नाही. डॅन्बी पाच वर्षं टॉवरमध्ये राहिला, पण जिवंत बाहेर आला आणि पुढे पुन्हा मोठ्या पदावर गेला. १७०१ च्या कायद्यात ते लिहूनच ठेवलं, की राजाच्या माफीची ढाल महाभियोगात वापरता येणार नाही. मग वॉलपोल. वीस वर्षांहून जास्त काळ सत्तेवर. दुसरा जॉर्ज पूर्णपणे त्याच्या बाजूचा. १७४२ मध्ये कॉमन्समध्ये मतं कमी पडली आणि त्यानं राजीनामा दिला. राजा रडला म्हणतात. वॉलपोल ऑर्फर्डचा अर्ल होऊन उमराव सभेत जाऊन बसला. चौकशी समिती नेमली, तिच्यातून फारसं काही निघालं नाही. तीन वर्षांनी तो अंथरुणावर मेला. राजाच्या आधाराची किंमत घसरली आणि मंत्र्यांचं आयुष्य वाढलं.

मामा : आपल्या घटनेत ७५ व्या कलमात हे दोन्ही शेजारी शेजारी आहे. मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर, आणि मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार. पहिलं वाक्य वाचलं की चार्ल्स आठवतो, दुसरं वाचलं की वॉलपोल. पण मला विसाव्या कलमाचंही सांगायचं आहे, कारण तू तिकडे वळतच नाहीस. कृत्य केलं तेव्हा जो कायदा होता त्याखालीच शिक्षा. अमेरिकनांनी तर अटेंडरचं विधेयक नावानिशी बंद केलं. स्ट्रॅफर्डकडून हेही शिकायचं होतं, नुसता वॉलपोल नव्हे. संसदेच्या हातात मंत्र्याला काढायची ताकद द्यायची, पण त्याला मारायची ताकद नाही.

मी : इतिहासकार वेजवुडबाईंचं तुम्हाला आठवत असेल. त्यांनी १९३५ मध्ये स्ट्रॅफर्डचं चरित्र लिहिलं, तेव्हा त्याच्याबद्दल त्यांना खूप कौतुक होतं. मग घराण्याची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली. ती वाचून १९६१ मध्ये त्यांनी तेच पुस्तक नव्यानं लिहिलं, बरंच कडक. जमिनींचे आणि महसुलाच्या मक्त्यांचे व्यवहार त्यांना दिसले होते. पण शेवटच्या सहा महिन्यांतला स्ट्रॅफर्ड दोन्ही पुस्तकांत तितकाच उंच आहे. मला ते पटतं. तुमचा स्ट्रॅफर्ड शेवटच्या सहा महिन्यांतला आहे, माझा त्याच्या आधीच्या बारा वर्षांतला.

मामा : म्हणून तुला मी सरळ विचारतो, आणि आडवाटेला जाऊ नकोस. रविवार, ९ मे. नोव्हेंबर होऊन गेलाय, बकिंगहॅम होऊन गेलाय, तुझ्या सगळ्या चुका करून झाल्यात. कागद समोर आहे. सही करायची की नाही?

मी : नाही करायची.

मामा : जमाव आत शिरला असता तरी?

मी : तरी. विधेयक अन्यायी होतं. पण नकार देऊन त्यानं दुसरी एक गोष्ट करायला हवी होती, तीच खरी अवघड. स्ट्रॅफर्डला सगळ्या पदांवरून त्याच दिवशी काढायचं, आयर्लंडमधलं उरलंसुरलं सैन्य मोडायचं, आणि बेडफर्डनं सुचवलेल्या माणसांना मंत्री करायचं. ते न करता नुसता नकार दिला असता तर एसेक्स म्हणाला तेच खरं ठरलं असतं.

मामा : बेडफर्ड त्याच रविवारी देवीनं मेला.

मी : हो. आणि बोलणी करायला दुसरा कुणी त्याच्या तोलाचा नव्हता. म्हणूनच मी परत परत नोव्हेंबरकडे जाते. नोव्हेंबरमध्ये बेडफर्ड जिवंत होता, जमाव नव्हता, कट नव्हता. राजानं स्ट्रॅफर्डला यॉर्कमध्येच कळवायला हवं होतं: तू पदमुक्त आहेस, लंडनला येऊ नकोस.

मामा : तो ऐकला नसता. पिमवर आरोप ठेवायला आलाच असता.

मी : पदमुक्त माणूस म्हणून आला असता तर तो एक चिडलेला उमराव असता. आला तो राजाचा उजवा हात म्हणून, आणि राजाचं अभय खिशात घेऊन. पिमला घाई झाली ती त्या अभयामुळे.

मामा : घाई झाली ती स्ट्रॅफर्डच्या आरोपपत्रामुळे. पिम, त्याचा साथी हॅम्पडेन, सगळ्यांची डोकी धोक्यात होती. यात राजाच्या शब्दाला तू जरा जास्तच वजन देतेस.

मी : तुम्हीही देताच की, मामा. फक्त मेमध्ये.